स्त्रीचा मेंदू आणि पुरुषाचा मेंदू

मनुष्याच्या शरीरांत स्त्री आणि पुरुष हा भेद निसर्गानें उघड केलेला आहे. नवजात बालक मुलगा आहे कीं मुलगी आहे हें सुईण क्षणार्धांत सांगते, आणि फारच थोडे अपवाद सोडले तर तिचें सांगणें चुकत नाहीं. यावरून असें अनुमान सहज निघतें कीं, हाच भेद कवटीच्या आंतही असला पाहिजे. स्त्रीचा मेंदू एका घडणीचा आणि पुरुषाचा मेंदू दुसऱ्या घडणीचा असला पाहिजे. मुलींना भाषा चांगली येते आणि मुलांना गणित. बायका भावनेनें चालतात आणि पुरुष विचारानें. अशीं वाक्यें घरोघर ऐकूं येतात, आणि त्यांच्या पाठीशीं 'त्यांचा मेंदूच तसा आहे' हें शेवटचें प्रमाण उभें केलेलें असतें. हें प्रमाण एकदां मान्य केलें कीं पुढील वाद खुंटतो. कारण जें निसर्गानेंच ठरविलें त्यापुढें शाळा काय करणार आणि कायदा काय करणार? म्हणूनच तें प्रमाण कितपत खरें आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

विचारास आरंभ करण्यापूर्वीं दोन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. गुणसूत्रें, बीजग्रंथि आणि जननेंद्रियें यांवरून जो भेद ठरतो त्यास 'लिंग' म्हणावें. मुलीनें कसें बोलावें, मुलानें कोणता खेळ खेळावा, स्वयंपाक कोणी करावा आणि कमाई कोणी करावी, यांविषयीं समाजानें घालून दिलेले जे नियम, आणि त्यांतून प्रत्येकाच्या मनांत स्वतःविषयीं जी समजूत तयार होते, तिला हल्लीं 'लिंगभाव' असें नांव रूढ झालें आहे. पहिली गोष्ट शरीराची आहे. दुसरी शरीर, संस्कार आणि समाज या तिहींच्या मिश्रणाची आहे. मेंदूच्या संशोधनांत या विषयावर जो घोटाळा दीर्घकाळ चालत आला, त्याचा बराचसा भाग या दोन गोष्टी एकच समजल्यामुळें झालेला आहे.

एकोणिसाव्या शतकांत स्त्रीपुरुषांच्या मेंदूची तुलना करावयाची म्हणजे मुख्यतः ते तोलावयाचे, अशी रीत होती. पॅरिस येथील पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें मेंदूंतील वाचेच्या केंद्राचा शोध लावला, आणि त्या भागास आजही त्याचेंच नांव आहे. या थोर संशोधकानें रुग्णालयांत मृत झालेल्या माणसांचे मेंदू तोलले. २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी १,३२५ ग्रॅम भरली आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंची १,१४४ ग्रॅम. हा १८१ ग्रॅमांचा फरक कांहीं अंशीं स्त्रीचें शरीर लहान असल्यामुळें असावा, हें ब्रोकास ठाऊक होतें; परंतु तो अंश किती हें मोजण्याच्या भरीस तो पडला नाहीं. स्त्रिया सरासरीनें बुद्धीनें थोड्या कमी असतात, हें त्यानें आधींच गृहीत धरलें होतें. त्याच्याच परंपरेंतील गुस्ताव्ह ल बों यानें १८७९ मध्यें याही पुढें मजल मारली. पॅरिसमधील पुष्कळ स्त्रियांचे मेंदू आकारानें पुरुषांपेक्षां गोरिलाच्या मेंदूस अधिक जवळचे आहेत, असें त्यानें लिहिलें, आणि मुलींना मुलांप्रमाणें शिक्षण देणें धोक्याचें आहे असा निष्कर्षही काढला. १८८७ मध्यें इंग्लंडमध्यें जॉर्ज रोमानेस यानें स्त्रीच्या मेंदूंत कमी असलेल्या पांच औंसांचा हिशेब मांडला. तराजूंतील हे पांच औंस पुढें कित्येक वर्षें मुलींच्या शिक्षणाच्या वाटेंत आडवे पडले.

वजनावरून बुद्धि ठरत नाहीं, हें दाखविण्यास वस्तुतः फार लांब जाण्याची गरज नव्हती. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह याचा मेंदू दोन हजार ग्रॅमांहून जड भरला. आणि नोबेल पारितोषिक मिळविणारा फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स याचा मेंदू जेमतेम एक हजार ग्रॅमांच्या घरांतला निघाला. म्हणून एकाच्या निम्मीच बुद्धि दुसऱ्यास होती, असें कोणीही म्हटलें नाहीं. हत्तीचा मेंदू सुमारें पांच किलो भरतो. तरी शाळा काढण्याचें काम मनुष्यासच करावें लागलें.

या वादांत एका स्त्रीनें विचारलेला प्रश्न मात्र फार मार्मिक होता. अमेरिकेंत विल्यम हॅमंड या नामांकित वैद्यानें स्त्रीचा मेंदू वजनानें आणि रचनेनेंही उणा आहे असें प्रतिपादन केलें, तेव्हां हेलन हॅमिल्टन गार्डनर या लेखिकेनें त्यास उत्तर देण्याचें मनावर घेतलें. वैद्यक न शिकलेल्या या बाईंनीं न्यूयॉर्क येथील मेंदूच्या तज्ज्ञांस गांठून त्यांस विचारलें कीं, वीस मेंदू नांवनिशाणीवांचून पुढें ठेवले, तर त्यांतील स्त्रियांचे कोणते आणि पुरुषांचे कोणते हें निश्चित सांगतां येईल काय? तसें सांगतां येत नाहीं, असें उत्तर आलें. १८८८ मध्यें वॉशिंग्टन येथें भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यांनीं हा सर्व वृत्तांत मांडला. विद्वान म्हणून गाजलेल्या पुरुषांचे मेंदू जपून ठेवून अभ्यासले जातात, आणि तुलनेसाठीं घेतलेले स्त्रियांचे मेंदू मात्र रुग्णालयांत मरण पावलेल्या अनाथ, दरिद्री बायकांचे असतात, हेंही त्यांनीं दाखवून दिलें. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्यांनीं स्वतःचा मेंदू कॉर्नेल विद्यापीठास मृत्युपत्रानें दिला. १९२५ मध्यें त्या निवर्तल्या. त्यांचा मेंदू १,१५० ग्रॅम भरला. आणि ज्या प्राध्यापक वाइल्डर यांनीं तो संग्रह स्थापन केला होता, त्यांच्या मेंदूचें वजनही तेवढेंच होतें!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जिवंत माणसाच्या मेंदूचें चित्र घेण्याची एम. आर. आय. ही पद्धति निघाली, आणि तराजूची जागा चुंबकीय यंत्रानें घेतली. या यंत्रानें एक जुनी गोष्ट खरी ठरली: पुरुषाचा मेंदू सरासरीनें शेंकडा सुमारें अकरा मोठा असतो. परंतु पुरुषाचें हृदय, फुप्फुसें आणि मूत्रपिंडेंही सरासरीनें मोठींच असतात. शरीर मोठें म्हणून अवयव मोठा. अमेरिकेंतील मेंदूशास्त्रज्ञ लीझ एलियट आणि त्यांचे सहकारी यांनीं तीन दशकांतील संशोधन एकत्र तपासून २०२१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. मेंदूच्या एकंदर आकारमानाचा फरक हिशेबांत घेऊन बाजूला काढला, तर मेंदूच्या रचनेंत माणसामाणसांत जी विविधता दिसते तिच्यांतील अवघा एक टक्का लिंगभेदानें स्पष्ट होतो, असें त्यांस आढळून आलें.

असें असतांही वृत्तपत्रांतून वेळोवेळीं 'स्त्रीपुरुषांच्या मेंदूंतील फरकाचें गूढ उकललें' अशा मथळ्यांच्या बातम्या येत राहिल्या. २०१३ च्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतून एक निबंध प्रसिद्ध झाला. मधुरा इंगळहळीकर, रागिणी वर्मा आणि त्यांचे सहकारी हे त्याचे कर्ते होत. ८ ते २२ वर्षांच्या ९४९ मुलामुलींच्या मेंदूंतील तंतुमार्गांचे नकाशे त्यांनीं तयार केले होते. मुलांमध्यें मेंदूच्या एकाच अर्धगोलांतील जोडण्या, आणि मुलींमध्यें दोन अर्धगोलांना सांधणाऱ्या जोडण्या, सरासरीनें अधिक दिसल्या. निबंधांतील आंकडे सरासरीचे होते. वृत्तपत्रांनीं मात्र त्यावरून पुरुषांस नकाशा वाचतां येतो आणि स्त्रियांस मन ओळखतां येतें, असा डांगोरा पिटला. पुढील वर्षीं दुसऱ्या संशोधकांनीं दाखविलें कीं, असा फरक मेंदूच्या आकारमानामुळेंही पडतो. मेंदू लहान असला, मग तो स्त्रीचा असो वा पुरुषाचा, तर दोन अर्धगोलांमधील जोडण्यांचें प्रमाण त्यांत वाढलेलें असतें.

येथवर सर्वांचा प्रश्न एकच होता: स्त्रिया आणि पुरुष यांच्या मेंदूंत फरक आहे कीं नाहीं? इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या मेंदूशास्त्रज्ञ डॅफ्ना जोएल यांनीं हा प्रश्नच बदलला. फरक आहेत हें मान्य करून त्यांनीं असें विचारलें कीं, हे सर्व फरक एकाच माणसाच्या मेंदूंत एका बाजूनें एकत्र येतात काय? ते तसे येत असतील, तरच मेंदूचे दोन प्रकार आहेत असें म्हणतां येईल. जननेंद्रियांच्या बाबतींत ते तसे येतात: ज्याच्या शरीरांत वृषण आहेत त्याच्या शरीरांत गर्भाशय बहुधा नसतें. मेंदूचें तसें आहे काय?

जोएलबाईंचा मूळ अभ्यासविषय निराळा होता. एकच कृति पुन्हां पुन्हां केल्यावांचून ज्यांस चैन पडत नाहीं अशा रुग्णांच्या विकारावर, आणि मेंदूच्या तळाशीं असलेल्या कांहीं केंद्रांवर, त्या संशोधन करीत. लिंगभावाच्या मानसशास्त्राचा एक अभ्यासक्रम शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करलें, आणि त्याच्या तयारीसाठीं वाचन करतां करतां २००१ मध्यें प्रसिद्ध झालेला उंदरांवरील एक प्रयोग त्यांच्या पाहण्यांत आला. मेंदूंतील हिप्पोकॅम्पस हा भाग स्मरणशक्तीशीं निगडित आहे. तेथील मज्जापेशींच्या शाखांवर बारीक अंकुर असतात, आणि त्या अंकुरांच्या द्वारें एका पेशीचा निरोप दुसरीस पोंचतो. ऋतुचक्राच्या एका विशिष्ट अवस्थेंतील मादीच्या मेंदूंत हे अंकुर नरापेक्षां अधिक दाट असतात. प्रयोगांत नरमादींना थोडा वेळ भीति व ताण यांखालीं ठेवलें, आणि एक दिवसानें त्यांचे मेंदू तपासले. तेव्हां नरांमधील अंकुर वाढलेले आणि मादींमधील कमी झालेले आढळले. म्हणजे जें रूप काल 'मादीचें' होतें तें आज 'नराचें' झालें, आणि नराचें मादीचें! हा बदल घडविण्यास शस्त्रक्रिया लागली नाहीं. थोड्या वेळची भीति पुरली.

यावरून जोएल यांनीं जो विचार बांधला तो असा. लिंगाचा मेंदूवर परिणाम होतो, यांत शंका नाहीं. गुणसूत्रें आणि ग्रंथींतून रक्तांत मिसळणारीं संप्रेरकें गर्भावस्थेपासून मेंदूवर कार्य करीत असतात. परंतु तो परिणाम एकट्यानें होत नाहीं. आहार, आजार, ताण, शिक्षण, संगोपन अशा असंख्य गोष्टी त्यांत मिसळतात. आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांत हें मिश्रण निराळें होतें. ताणानें एका भागांतील स्त्रीपुरुषांचा फरक उलटा होईल, दुसऱ्या भागांतील पुसला जाईल, तिसऱ्या भागांत तो नव्यानें उत्पन्न होईल. असें होत असेल, तर एकाच मेंदूचे सर्व भाग एकाच रूपाचे राहणें संभवत नाहीं. २०११ मध्यें हा विचार त्यांनीं प्रथम मांडला. पुढें मेंदूच्या या मिश्र रचनेस त्यांनीं मोझेइक, म्हणजे रंगीबेरंगी तुकड्यांची नक्षी, असें नांव दिलें. मराठी माणसास यापेक्षां गोधडीचें उदाहरण जवळचें वाटेल. घरांत जुनी झालेलीं लुगडीं आणि धोतरें फाडून त्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. एखादींत लुगड्याचे तुकडे अधिक, एखादींत धोतराचे. परंतु शिवून झालेली गोधडी लुगडें आहे कीं धोतर आहे, असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

विचार चांगला असला तरी शास्त्रांत तो पडताळून पाहावा लागतो. जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं चौदाशेंहून अधिक माणसांच्या मेंदूंचीं एम. आर. आय. चित्रें चार संग्रहांतून मिळविलीं, आणि त्यांचा निबंध २०१५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रांत प्रसिद्ध झाला. पद्धति समजण्यास कठीण नाहीं. उदाहरणार्थ, पहिल्या संग्रहांत १६९ स्त्रिया आणि ११२ पुरुष होते, आणि प्रत्येक मेंदूचे ११६ भाग पाडून त्यांतील करड्या द्रव्याचें माप घेतलेलें होतें. त्यांतून ज्या दहा भागांत स्त्रीपुरुषांचा सरासरी फरक सर्वांत मोठा होता, तेच भाग निवडले. म्हणजे भेद सांपडण्यास जितकी अनुकूलता देतां येईल तितकी दिली. मग प्रत्येक भागाच्या मापांचे तीन टप्पे केले: एका टोंकास ठळक पुरुषी मापें, दुसऱ्या टोंकास ठळक स्त्रीसुलभ मापें, आणि मध्यें दोघांतही आढळणारीं मापें. टोंकांच्या टप्प्यांस दोन रंग दिले, आणि प्रत्येक माणसाच्या मेंदूची एकेक ओळ रंगविली. मेंदूचे दोन प्रकार खरोखरच असते, तर स्त्रियांच्या ओळी एका रंगाच्या आणि पुरुषांच्या ओळी दुसऱ्या रंगाच्या दिसल्या असत्या.

तसें दिसलें नाहीं. सर्वच्या सर्व भाग एकाच टोंकाचे असलेले मेंदू, निरनिराळ्या संग्रहांत मिळून, शेंकडा शून्य ते आठ एवढेच निघाले. उलट कांहीं भाग पुरुषी टोंकाचे आणि कांहीं भाग स्त्री-टोंकाचे असे मेंदू शेंकडा २३ ते ५३ होते. बाकीच्यांत मधल्या टप्प्याचे भाग मिसळलेले होते. याच रीतीनें साडेपांच हजारांहून अधिक लोकांचे स्वभाव, आवडीनिवडी आणि संवयी यांचीही तपासणी केली, तेव्हां तेथेंही एकरंगी माणूस क्वचितच आढळला. ज्या गोष्टी लोक बायकी किंवा पुरुषी समजतात, त्या एकाच माणसांत मिसळून राहतात. बॉक्सिंग आवडणारा पुरुष टेलिफोनवर तासन् तास गप्पा मारणारा असूं शकतो, आणि सौंदर्यप्रसाधनांत रमणारी स्त्री गोल्फही आवडीनें खेळत असेल.

या निबंधावर टीका झाली, आणि ती टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, सर्व भाग एकाच टोंकाचे असले पाहिजेत ही कसोटीच फार कडक आहे. एका टीकाकार मंडळानें हीच कसोटी माकडांच्या तीन भिन्न जातींच्या चेहऱ्यांच्या मापांस लावून दाखविली. उघड उघड भिन्न असलेल्या त्या जातीही या कसोटीस क्वचितच उतरल्या. दुसरा आक्षेप याहून वजनदार होता. दुसऱ्या संशोधकांनीं २०१६ मध्यें दाखविलें कीं, मेंदूच्या सर्व भागांचीं मापें एकत्र घेऊन गणकयंत्रास दिलीं, तर तो मेंदू स्त्रीचा कीं पुरुषाचा हें तें शेंकडा ९३ वेळां बरोबर ओळखतें. २०२४ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं मेंदूच्या रचनेऐवजीं त्याच्या हालचालींच्या नोंदी यंत्रास दिल्या, आणि तेथेंही शेंकडा नव्वदांहून अधिक उत्तरें बरोबर आलीं. गार्डनरबाईंनीं मागितलेल्या वीस मेंदूंची परीक्षा आज यंत्र उत्तीर्ण होईल, असा याचा अर्थ झाला.

यावर दोन उत्तरें आहेत. पहिलें उत्तर मापाचें आहे: यंत्राच्या यशांत डोक्याच्या आकारमानाचा वांटा मोठा असतो. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आकारमानाचा परिणाम नीट वगळला, तेव्हां ऐंशीच्या वर असलेलें हें यश शेंकडा साठांच्या आसपास उतरलें. आणि नाणें उडवून उत्तर दिलें तरी पन्नास बरोबर येतातच. दुसरें उत्तर तर्काचें आहे, आणि तेंच महत्त्वाचें आहे. अनुभवी शिक्षक अक्षर पाहून उत्तरपत्रिका मुलाची कीं मुलीची हें पुष्कळदां ओळखतो. परंतु अमुक उत्तरपत्रिका मुलीची आहे एवढेंच त्यास सांगितलें, तर तिचें अक्षर कसें असेल हें त्यास काढून दाखवितां येईल काय? वळणदार असेल, गिचमीड असेल, तिरपें असेल. मेंदूवरून लिंग ओळखणें आणि लिंगावरून मेंदू ओळखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यंत्र पहिली करतें. शाळेंत, कचेरींत आणि विवाहाच्या बाजारांत लोक दुसरी करूं पाहतात. २०१८ मध्यें जोएल यांनीं आणखी एक निबंध प्रसिद्ध करून दाखविलें कीं, रचनेवरून मेंदूंचे जे प्रकार पाडतां येतात, त्यांपैकीं जे स्त्रियांत नेहमीं आढळतात तेच पुरुषांतही नेहमीं आढळतात. वाद अद्याप मिटलेला नाहीं. तथापि एखाद्या माणसाचें लिंग कळल्यानें त्याच्या मेंदूविषयीं फारच थोडें कळतें, ही गोष्ट कोणत्याही आक्षेपानें खोडली गेलेली नाहीं.

याचा अर्थ लिंगाचा विचारच सोडून द्यावा, असा कोणी घेऊं नये. औदासीन्याचा विकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारें दुप्पट आढळतो. कंपवात पुरुषांत अधिक आढळतो. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचें स्त्रियांसाठींचें प्रमाण अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानें २०१३ मध्यें निम्मे केलें, कारण स्त्रीच्या शरीरांतून तें सावकाश उतरतें आणि सकाळीं मोटार चालवितांना गुंगी राहते. अशा गोष्टी लिंगाचा अभ्यास केल्यावांचून कळत नाहींत. खेदाची गोष्ट ही कीं, तो अभ्यास फार दिवस झालाच नाहीं. मेंदूशास्त्राच्या प्रयोगांत केवळ नर प्राणी वापरणारे अभ्यास केवळ माद्या वापरणाऱ्यांच्या साडेपांच पट होते, असें २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें. ऋतुचक्रामुळें मादीवरील प्रयोगाचीं फलें चंचल येतात, हें त्याचें कारण सांगत. परंतु २०१४ मध्यें उंदरांवरील २९३ निबंध तपासले, तेव्हां मादींचीं फलें नरांपेक्षां अधिक चंचल नाहींत असें निष्पन्न झालें. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं, अनुदान पाहिजे असेल तर नर आणि मादी या दोहोंचाही विचार केला पाहिजे, असा नियम लागू केला. लिंग मोजावें, परंतु एका मोजमापानें सर्व माणूस मोजला असें समजूं नये, एवढाच जोएल यांचा आग्रह आहे.

आणखी एक प्रश्न राहतो. प्रौढ माणसाच्या मेंदूंत जो फरक दिसतो तो जन्मतःच होता, हें कशावरून? मेंदू हा घडीव दगड नव्हे. वापरानें तो बदलतो. लंडनमधील टॅक्सी चालविणाऱ्यांस शहरांतील हजारों रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्यें त्यांच्या मेंदूंचीं चित्रें घेतलीं, तेव्हां हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षां मोठा आढळला, आणि तो धंद्यांतील वर्षांबरोबर वाढत गेलेला दिसला. मुलास लहानपणापासून चेंडू, ठोकळे आणि सायकल मिळते, मुलीस बाहुली आणि भातुकली मिळते. वीस वर्षें असा निराळा सराव झाल्यावर मेंदूंत फरक दिसला, तर तो लिंगाचा कीं सरावाचा? एखादी आकृति मनांतल्या मनांत फिरवून पाहण्याच्या कामांत पुरुष सरासरीनें बरेच पुढें असतात. टोरांटो येथें २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत विद्यार्थ्यांस आणि विद्यार्थिनींस जलद हालचालींचा एक संगणकी खेळ अवघे दहा तास खेळावयास दिला. मुलांची प्रगति झाली, परंतु मुलींची त्याहून अधिक झाली, आणि दोघांतील अंतर पुष्कळच कमी झालें. ज्याला निसर्गाची भिंत समजत होते, तिच्यांतील बराचसा भाग दहा तासांच्या सरावानें पडला.

हा वाद प्रयोगशाळेच्या बाहेर पडला कीं त्याचे परिणाम मुलांस भोगावे लागतात. अमेरिकेंत २००६ मध्यें नियम सैल झाल्यावर कित्येक सार्वजनिक शाळांनीं मुलांचे आणि मुलींचे वर्ग वेगळे केले. आणि दोघांचे मेंदू भिन्न असल्यानें दोघांस भिन्न रीतीनें शिकविलें पाहिजे, असें समर्थन केलें. २०११ मध्यें कांहीं मानसशास्त्रज्ञ व मेंदूशास्त्रज्ञ यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत लिहून या समर्थनास शास्त्राचा आधार नाहीं असें स्पष्ट केलें. मुलगे आणि मुली यांच्यांतील सरासरी फरकापेक्षां एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींमधील फरक पुष्कळ मोठा असूं शकतो, हें कोणत्याही वर्गांत पाहतां येतें.

स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मेंदूशास्त्रज्ञ बेन बॅरिस यांचा अनुभव या संदर्भांत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यांचा जन्म १९५४ मध्यें स्त्रीदेहानें झाला होता. १९९७ पासून ते पुरुष म्हणून राहूं लागले. विद्यार्थिदशेंत मुली म्हणून वावरत असतांना त्यांनीं गणितांतील एक अवघड प्रश्न सोडविला, तेव्हां तो तुझ्या मित्रानेंच सोडवून दिला असेल, असें प्राध्यापकानें त्यांस ऐकविलें. पुढें पुरुष म्हणून त्यांनीं एक व्याख्यान दिलें, तेव्हां श्रोत्यांतील एक विद्वान म्हणाला कीं, याचें काम याच्या बहिणीच्या कामापेक्षां पुष्कळ सरस आहे. ती 'बहीण' म्हणजे पूर्वींचे बॅरिस स्वतःच होते! काम करणारें माणूस तेंच होतें. ऐकणाराच्या कानांतील तराजू बदलला होता. २००६ मध्यें 'नेचर' या नियतकालिकांत बॅरिस यांनीं हें सर्व लिहिलें. २०१७ मध्यें त्यांचें निधन झालें.

तात्पर्य, सरासरी ही हजारांची असते आणि मूल हें एक असतें. सरासरीनें पुरुष उंच असतात, म्हणून दाराची चौकट किती उंच करावी हें ठरवितां येईल. पण समोर उभ्या असलेल्या मुलीची उंची तिला भिंतीस टेकवून मोजल्यावांचून कळत नाहीं. मेंदूचें तर एक माप नाहीं, शेंकडों मापें आहेत, आणि तीं प्रत्येकांत निराळ्या रीतीनें जुळलेलीं असतात. तेव्हां मुलीस भूमिति झेपेल काय, किंवा मुलास शुश्रूषेचें काम साधेल काय, असा प्रश्न उद्भवला म्हणजे स्त्रीच्या आणि पुरुषाच्या मेंदूची चर्चा करीत बसूं नये. त्या मुलीस भूमिति शिकवावी, त्या मुलास शुश्रूषा शिकवावी, आणि मग परीक्षा घ्यावी. मेंदूशास्त्रास आज जें निश्चितपणें सांगतां येतें त्याशीं सुसंगत असा हाच एक मार्ग आहे.